भंडारा न उचललेला माणूस

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांनी हाकललं म्हणून सुटलेलं. तरी हे मीच लिहितोय, दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. चूक माझी आहे, तर अक्षरही माझंच पाहिजे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पॅनेल आमच्या भावकीचं, आणि वरच्या वॉर्डात मी उभा. त्याआधी मत मागायचं म्हणजे ओट्यावर बसायचं, पान खायचं आणि "लक्ष असू द्या" म्हणून उठायचं. त्या साली माझ्या थोरल्या चुलतभावानं नवीच टूम काढली. "तोंडाच्या शबदावर आता कोण इस्वास ठेवतंय? समद्यास्नी खंडोबाच्या देवळात न्यायचं आन् बेल-भंडारा उचलायला लावायचा." म्हणजे हातात बेलाचं पान आणि हळदीची चिमूट घेऊन देवासमोर मताची शपथ घ्यायची. पूर्वी भंडारा उचलायचा तो बांधाच्या भांडणात, नाहीतर चोरीचा आळ आला तर, आणि तेही बाकी सगळे उपाय खुंटल्यावर. आम्ही तो मतासाठी काढला. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट लय भारी वाटलं.

भावकीनं भंडारा उचलला. राहिली खालच्या वॉर्डातली बौद्धवस्ती. तिथं माझा एक दोस्त होता. त्याचं एकरभर रान माझ्या रानाखाली. त्याच्या पिकाला माझ्या विहिरीचं पाणी, आणि माझ्या उसाला दारं धरायचा तो, म्हणजे सरीसरीनं पाणी फिरवायचा. वीस वर्षं असंच चाललेलं. कागद नाही, करार नाही. धर्म बदलल्यावर त्याच्या घरानं देव कृष्णेत सोडले, तेव्हा मी हसलो होतो. पण पाण्यात फरक केला नाही, हे चारचौघांत अभिमानानं सांगायचो.

मी त्याला बांधावर गाठलं. "सांच्याला देवळात ये. वस्तीतली चार माणसं बी आण."

"कशाला रं?"

"भंडारा उचलायला."

तो खोऱ्याचा चिखल काढत होता. हात न थांबवता म्हणाला, "गड्या, मत तुमालाच हाय. वस्तीचं बी. पर भंडाऱ्याला मी हात लावायचा न्हाई. आमी त्यो देव सोडला."

"हात लावला तर झिजतो काय?"

"माझ्या बापाला त्या देवळाची पायरी तुमी चढू दिली न्हाई. आन् आता मत पायजे, तवा मला आत बोलावताय व्हय?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. "मंजी तुझं मत दुसरीकडं हाय. सरळ बोल की!"

"वीस वरसं दारं धरली तुझी. माझा शबूद पुरत न्हाई?"

"न्हाई पुरत," मी म्हणालो.

त्याच दिवशी त्याचं पाणी बंद केलं. त्याचा शाळू पोटरीत आला होता, कणीस निघायच्या बेतात. बायको म्हणाली, "आवं, पिकानं काय केलंय तुमचं?" मी ऐकलं नाही. रोज वाट बघायचो की येईल, हात जोडेल, मग मी मोठ्या मनानं पाणी सोडीन. तो आला नाही. मतदानापर्यंत पानं करपून गेली.

निकाल लागला. खालच्या वॉर्डात आमचा माणूस निवडून आला, आणि वस्तीच्या मतांशिवाय तो वॉर्ड निघणं शक्य नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वरच्या वॉर्डात सगळी भंडारा उचललेली भावकी. तिथं मी पडलो.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून मी त्याच्या रानात पाणी सोडलं. दारंही मीच धरली. तो बांधावर आला, पाण्याकडे बघत म्हणाला, "बंद कर. चिखलात वैरण कापता याची न्हाई."

शाळू त्यानं वैरणीलाच काढला. पुढच्या साली रान वाट्यानं दिलं आणि सांगलीला मुलाकडे राहायला गेला.

नंतर आमच्या गावात भंडाऱ्याशिवाय एकही निवडणूक झाली नाही. आता तर प्रत्येकाचा प्रचाराचा नारळ देवळातच फुटतो आणि भाषणात देव आधी येतो, रस्ता मागनं. तरणी पोरं म्हणतात, पूर्वीपासून असंच आहे. नव्हतं. आमच्या गावात तरी ते आम्ही आणलं.

माफी मागायला मी सांगलीला गेलो, पण चार वर्षांनी. तेवढा वेळ माझ्या मानेला वाकायला लागला. त्यानं चहा पाजला, उसाची चौकशी केली. मग म्हणाला, "खरं सांग. मी भंडारा उचलला असता, तर बसला असता तुझा इस्वास?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण खरं तेच सांगितलं. "बसला असता," मी म्हणालो.

"भावकीवर बसलाच हुता की."

"हुता."

तो रागावला नाही. कपबशा उचलून आत गेला. माफीचं बोलणं तोंडात होतं, ते तसंच घेऊन मी एसटी स्टँडवर आलो.

पुढच्या साली तो वारला. मला ते आठवड्यानं बाजारात कळलं. माझ्याकडे सांगावा धाडावा असं त्याच्या घरात कुणाला वाटलं नाही.