जनाक्काने सख्ख्या भावाला दारात अडवलं

डॉक्टर मित्रांनो, हा कागद वाचून पुढच्या दवाखान्यात धाडा. आज आपण जिंकलो!

आमच्या गावातल्या जनाक्काचा मुलगा बापू लढाईवरून रजेवर आला तो ताप आणि खोकला घेऊनच. बरोबरच्या जवानांनाही तसाच. अशा तापाला आपण डोळे झाकून क्विनाइन पाजतो. पण हा हिवताप नव्हता, नव्या तऱ्हेचा इन्फ्लुएंझा होता. त्यावर औषध कुठलं? मी सरळ हुकूम सोडला: बापू मळ्यातल्या खोपीत राहील, भाकरी बांधावर ठेवायची, भेटायला कुणी जायचं नाही.

गाव खवळलं. आमच्याकडे फौजेतला गडी आला की गावभर गळाभेटी आणि एकाच चंचीतलं पान! जनाक्का तर माझ्यावर कडाडली, "माझं पोर काय चोर हाय व्हय?"

आज बापू खणखणीत बरा होऊन घरी आला. गावात दुसरं कुणी खोकलं नाही. मी त्यांच्या दारात उभा होतो, तेवढ्यात जनाक्काचे थोरले भाऊ तासगावहून भाच्याला भेटायला आले, खोकतच. मी तोंड उघडायच्या आत जनाक्का उंबऱ्यात आडवी.

"आवं दादा, आदी मळ्यातल्या खोपीत चला. भाकरी बांधावर ठेवते!"

सख्ख्या भावाला! मित्रांनो, तुमच्या गावात अशी जनाक्का तयार झाली का?