सुट्टीतला सराव

बचत गटातून मी फवारणीचा ड्रोन चालवायला शिकले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सैन्यात. शेतावर त्या यंत्राची घरघर सुरू असली की बोलायला कोणी नाही हे जाणवत नसे. तेवढाच जादा फायदा.

मुलगा यंदा सुट्टीवर आला, तेव्हा हौसेने त्याला दाखवायला मी ड्रोन उडवला. तो बांधावरून तडक कडुलिंबाखाली गेला आणि खोडाला पाठ लावून बसला.

"माय, बंद कर ते."

मी उतरवला.

माझे थोरले दीर सैन्यात होते. सुट्टीवर आले की पहाटे डांबरी रस्त्याने धावायचे. हा धावत नव्हता. अंगणात यायचं म्हटलं तरी आधी वर बघायचा. जेवताना मी सरळ विचारलं, असाच परत जाणार का? तो म्हणाला, आवाज आला की पाय हलत नाहीत, आणि तिथं पाय हलले नाहीत तर संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यानेच उपाय काढला. "मी लपस, तू वरथून माले धुंड."

टाकी रिकामी ठेवून मी ड्रोन वर नेला. पपईच्या बागेत तो लगेच सापडला. हातातल्या पडद्यावर नुसते केस आणि दोन खांदे. शत्रूच्या ड्रोनलाही तो असाच दिसत असणार.

"दिखना का?"

"दिखना. तुन्ही सावली बाहेर शे."

खोटं बोलून उपयोग नव्हता.

मग रोज तेच. शेजारच्या शेतातले भाऊजी ओरडले, "वहिनी, अळी धुंडी ऱ्हायनी का पोऱ्या?"

"जे सापडी ते!" मी म्हटलं. पानांआड तो हसला. आता आवाज आला की तो पळून जागा बदलायचा. तिकडच्या यंत्रांना अंगाची ऊबसुद्धा दिसते, असं त्याने एकदा सांगितलं. म्हणजे माझ्यापासून लपणं ही फक्त पहिली इयत्ता.

जायच्या आदल्या दिवशी तो तुरीत शिरला. तूर फुलावर होती, डोक्याच्या वर गेलेली. मी बांधापासून विहिरीपर्यंत एकेक ओळ बघत गेले. पिवळी फुलं, पंख्यांच्या वाऱ्याने दबून पुन्हा उभा राहणारा पाला. माणूस कुठेच नाही. परत फिरले, तरी नाही. बॅटरी संपत आल्याचा इशारा वाजायला लागला, उतरवावंच लागलं.

पंखे थांबले आणि शेत एकदम गप्प झालं. हाक मारली असती तर तो आला असता, पण मग सगळी मेहनत वाया. सापडला नाही, ही चांगलीच गोष्ट होती. मी गरम बॅटरी काढून सावलीत ठेवली, ड्रोन पुसला, त्याच्या पंख्यांचे दांडे दुमडले. तूर हलत नव्हती. मी बांधावर बसले आणि हाक मारली नाही.