तानूबाई जेवताना

भाऊसो कांबळे जेवायचे म्हणजे ताट उरकायचे. भाकरीचे मोठे मोठे तुकडे, आमटीत बुडवले की आत, वरून तांब्याभर पाणी, आणि घरातल्या बाकीच्यांचा भात वाढून होईपर्यंत हे हात धुवून बाहेर. त्याला कारणही होतं. उभा जन्म अग्निशमन दलात गेला. कुठं गोदाम पेटलं, कुठं पंचगंगेच्या पुरात माणसं अडकली, की घंटा व्हायची आणि हातातला घास ताटात टाकून गाडीवर चढावं लागायचं. म्हणून घंटेच्या आधी पोट भरून घ्यायची सवय लागली, ती लागलीच. रिटायर होऊन सिद्धार्थनगरातल्या घरी बसले, घंटा कायमची थांबली, तरी जेवण तसंच.

एका रविवारी दुपारी मटणाचा तुकडा घशात अडकला. ओरडायला जावं तर आवाज फुटेना. सून रूपाली समोरच बसली होती, तिला वाटलं मामांना ठसका लागला. तोवर भाऊसोंचं तोंड काळंनिळं पडलेलं. गॅसपाशी उभी असलेली तानूबाई पळत आली आणि नवऱ्याच्या पाठीत बुक्क्या घालायला लागली. तुकडा बाहेर पडला. भाऊसो भिंतीला टेकून श्वास घेत राहिले. किती लोकांना आगीतनं ओढून काढलेला माणूस, घरच्या ताटावर मरता मरता वाचला होता.

मग दाखवायला गेले ते डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, एक घास पूर्ण चावून खाली गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. जेवताना टीव्ही नाही, फोन नाही. घासाकडं लक्ष द्या."

भाऊसो घाबरलेच होते, त्यामुळं त्यांनी ते मनावर घेतलं. घास तोंडात घातला की हात मांडीवर ठेवायचा, असं ठरवलं. सुरुवातीला जबडा दुखला. पण हळूहळू गंमत वाटायला लागली. नाचण्याची भाकरी आणि ज्वारीची भाकरी यांत एवढा फरक असतो, हे त्यांना आत्ता कळत होतं. रूपाली बँकेत जायची, मुलगा प्रसेनजीत गोकुळ शिरगावच्या कारखान्यात. ती दोघं जेवून निघून जायची आणि भाऊसो अजून अर्ध्या भाकरीवर असायचे.

तानूबाईची मात्र पंचाईत झाली. सगळ्यांचं झाल्यावर मागनं जेवायची तिची रीत.

"व्हतंय का न्हाय तुमचं?" ती दारातनं विचारायची.

"तू बस की. मी काय तुझं ताट खातोय व्हय?"

"मी जेवतो मागनं," तानूबाई म्हणायची.

बरेच दिवस ती अशी वाट बघत थांबली. मग एके दुपारी कंटाळली आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. भाऊसोंचा घास तोंडात होता, हात मांडीवर होता, डोळ्यांना दुसरं काम नव्हतं. ते बायकोकडं बघत राहिले.

तिच्या ताटात आमटी नव्हती, चटणी नव्हती. वाटीत दूध होतं आणि त्यात भाकरी कुस्करून पार लगदा केलेला होता. तिनं चिमूटभर उचलला, तोंड जेमतेम उघडलं, बोटानं डाव्या गालाकडं सारला. डोळे मिटले. मान थोडी तिरकी केली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. मग पदरानं डोळे पुसले आणि पुढची चिमूट उचलली.

भाऊसोंनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

"काय हुतंय तुला?"

"कुठं काय. दाढ दुखती."

"कधीपासनं?"

"दिवाळीला लाडू खाल्ला तवापासनं."

बाहेर उन्हाळा सुरू झालेला होता.

"आ कर."

"जेवा की गप."

"तानू, आ कर म्हणतोय."

तिनं तोंड उघडलं, पण दोन बोटांपलीकडं ते उघडेना. भाऊसोंनी मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. उजव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध जखम. कडा जाड, लाल. तानूबाई लग्नाआधीपासून तंबाखूची मिसरी लावायची. मुरगूडला तिच्या माहेरी सगळ्याच बायका लावायच्या. भाऊसोंनी जळालेली माणसं उचलली होती, बुडालेली काढली होती. पण आत्ता त्यांनी बॅटरी बंद केली, आणि पुन्हा लावून परत एकदा बघितलं.

"मला सांगायचं न्हाय?"

"कधी सांगू?" तानूबाई शांतपणे म्हणाली. "जेवताना बोललेलं तुम्हाला चालत न्हाय. आणि जेवून झालं की तुम्ही घरात असतायसा कुठं?"

लग्न झाल्यापासून आपण या बाईला जेवताना एकदाही बघितलेलं नाही, हे भाऊसोंच्या तेव्हा ध्यानात आलं. एकदाही नाही. ताट तसंच ठेवून ते उठले आणि त्यांनी रूपालीला फोन लावला.

रूपाली रजा टाकून आली. "आत्या, मला तरी सांगायचं," एवढंच सासूला म्हणाली आणि रिक्षा बोलवायला गेली.

दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच होता. गालापुरताच आहे, पसरलेला दिसत नाही, ऑपरेशन लगेच करू, असं डॉक्टर म्हणाले. भाऊसोंना त्यातला 'कॅन्सर' एवढाच शब्द ऐकू आला. बाकीचं प्रसेनजीतनं त्यांना बाहेर बाकावर बसवून पुन्हा समजावून सांगितलं.

गालाची आतली बाजू काढली, मांडीची कातडी आत लावली. पहिले काही दिवस नाकातल्या नळीतनं पोटात दूध जात होतं. नळी काढायची वेळ आली तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडम कागद घेऊन आल्या. "सुरुवात पातळनं करायची. त्यांना आवडीचं असलं तर जाईल पोटात. काय आवडतं त्यांना?"

भाऊसो उभेच राहिले. पोळी? भात? तिला तिखट चालायचं का? गोड? ते आठवत गेले. तिनं केलेलं सगळं त्यांना आठवत होतं. तिनं खाल्लेलं काहीच आठवत नव्हतं.

"खपली गव्हाची खीर," मागनं रूपाली म्हणाली. "गुळाची, वेलदोडा न घालता. वेलदोड्यानं त्यांना मळमळतं."

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. तानूबाईचं बोलणं थोडं जड झालंय. 'स' नीट येत नाही. मिसरी सुटली, त्यावरून पहिले दोन महिने तिनं घरादाराशी भांडण काढलं. तिखट अजून झोंबतं. मऊ भात आणि घोटलेली डाळ खायलाही तिला तासभर लागतो, आणि तेवढा वेळ भाऊसो समोर स्वतःचं ताट घेऊन बसतात. ती खाता खाता मुरगूडच्या गोष्टी सांगते, अडखळत. तिचा एक भाऊ लहानपणीच ताप येऊन गेला होता. भाऊसोंना हे माहीत नव्हतं.

तपासणीची तारीख जवळ आली की त्यांचा घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. काल तसंच झालं. तानूबाईनं चमचा खाली ठेवला.

"गिळा की. माझ्याकडं काय बघतायसा?"

"काय न्हाय," भाऊसो म्हणाले. "उजवीकडनं चावलंस आत्ता."

"व्हय," ती म्हणाली. "बघतो चावून."