फण्यांचा अंदाज

तापीकाठच्या आमच्या शहरात लालबागच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागून केळीचं एक पॅकिंग शेड आहे. तिथे मी हजेरी घेतो आणि भरून जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवतो. आधी पॉवरलूमच्या एका कारखान्यात कारकून होतो. तो बंद पडल्यावर एका ओळखीच्या माणसाने इथे आणून बसवलं. चार वर्षं झाली. चार पायऱ्या वर पत्र्याची केबिन, एक पंखा आणि समोर काच. काचेतून अख्खं शेड दिसतं. मला इथे बसवलं ते त्यासाठीच.

बघत राहण्याची सवय मला नोकरीने लावली नाही, ती घरातून आली. माझे वडील कापड गिरणीत विणकर होते आणि युनियनचं काम करायचे. राजपुऱ्यातल्या आमच्या घरी संध्याकाळी माणसं जमायची, आणि भांडवलशाही हा शब्द मी बाराखडीच्याही आधी ऐकला असेन. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याच्या नफ्यासाठी राबणारा माणूस कामावर खुश दिसत असेल, तर एकतर तो घाबरलेला आहे, नाहीतर मालकाला फितूर झालाय. तिसरं कारण त्यांना माहीत नव्हतं. पुढे युनियन गेली, गिरणीतलं कामही गेलं, पण हे एवढं माझ्या डोक्यात राहिलं. लग्नात कुणी फार आनंदात दिसलं तरी मी मनातल्या मनात विचारतो, याला यातून काय मिळणार आहे?

म्हणून ती बाई मला इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच खटकली.

पंचेचाळिशीची असेल. तापीच्या पलीकडच्या गावातून सात-आठ बायकांबरोबर ऑटोने यायची. केळीचे घड शेतातून आले की ते दोरीला टांगतात. मग वाकड्या छोट्या सुरीने घडाच्या दांड्यापासून एकेक फणी सुटी करायची, तुरटीच्या पाण्यात सोडायची, धुवायची, आणि पुढे खोक्यात भरायची. केळीचा चीक लागला की कपड्यावर काळा डाग पडतो, तो जन्मात जात नाही. हात सकाळपासून पाण्यात असल्याने बोटं पांढरी पडतात. उभं राहून पाय सुजतात. आणि ही बाई त्या टाकीपाशी दिवसभर हसायची. मोठ्याने नाही. घडाकडे बघायची, शेजारणीला काहीतरी पुटपुटायची, सुरी चालायची, आणि मग तिघी-चौघी खांदे हलवत हसायच्या. पुढचा घड आला की पुन्हा तेच.

हात थांबत नसत, हे मी मुद्दाम पाहिलं. उलट तिच्या टाकीचं काम सगळ्यांत आधी उरकायचं. त्यामुळे मला जास्तच संशय आला. मुकादमाने हिला फोडली असेल, इतर बायकांच्या बातम्या पोचवत असेल, असं एकदा वाटलं. मग वाटलं, काहीतरी बाहेर नेत असेल. गेटवर तिची पिशवी कधी तपासली जात नाही, हेही मी हेरून ठेवलं.

एके दुपारी सगळ्या बायका नळावर हात धुवायला गेल्या, तेव्हा मी खुंटीवरची तिची पिशवी उघडली. आत फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या दोन भाकऱ्या, एक कंगवा आणि घडी घातलेला कोरडा ब्लाऊज. बाकी काही नाही. मी पिशवी परत अडकवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबूजी, भाकर पाहिजे का?"

ती ओले हात पदराला पुसत उभी होती. कान गरम झाले. नाही म्हणालो, आणि नुसतं नाही म्हणून निघून जाणं जमेना म्हणून एकदम विचारून बसलो, "तुम्ही दिवसभर हसता कशाला?"

"म्हणून पिशवी पाह्यली व्हय?" ती म्हणाली. रागावली नव्हती, तिला मजा वाटत होती. "या, दाखवते."

टाकीपाशी नुकताच एक घड टांगला होता. तिने मला समोर उभं केलं. "हात लावायचा नई, मोजायचं नई. नुसतं पाहा अन् सांगा, किती फण्या?"

मी पाहिलं. "नऊ."

"पक्कं?"

"पक्कं."

तिची शेजारीण दहा म्हणाली, तिसरी आठ. ती स्वतः थोडं डोकं वाकडं करून घडाच्या शेंड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दहा. अन् खालची एक बारकी, तिले धरत नई." मग सुरी चालली. एक, दोन, तीन करत फण्या पाण्यात पडल्या. दहा. आणि खाली खरंच एक खुरटलेली, तळहाताएवढी.

"बाबूजी हारले!" सगळ्या एकदम ओरडल्या. दिवसभरात ज्याचे अंदाज सगळ्यांत जास्त चुकतात त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चटणी आणायची, असा त्यांचा नियम होता. माझा एकच अंदाज झाला होता, तोही चुकला, म्हणून त्यांनी एकमताने मला हरवलं.

घरी जाऊन मी बायकोला जवसाची चटणी करायला सांगितली. ती म्हणाली, "अचानक चटणी? कोणासाठी?" तिचा आवाज ऐकून कळलं की संशयाचा आजार आमच्या घरात एकट्या मला नाही. मी खरं सांगितलं. ती हसली, आणि चटणीत लसूण जास्त टाकला.

दुसऱ्या दिवशी मी त्या बायकांबरोबर खाली पोत्यावर बसून जेवलो. त्या बाईने सांगितलं की हे तिनेच काढलं. "पहिल्या साली मी इथं रडायची. घड पाहून वाटायचं, अजून किती, अजून किती. मग एक दिवस मीच घडाले म्हटलं, बरं सांग, तुह्यात किती हायेत? तेव्हापासून बरं हाये." तिला आता बागेचा अंदाजही यायचा. हा घड नदीकाठच्या जमिनीचा, याला पाणी कमी पडलंय, असं ती सांगायची आणि गाडीवाल्याला विचारलं की ते बरोबर निघायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि याचं तिला कुणी काही देत नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी रोज दोन-तीन घडांचा अंदाज सांगायला खाली उतरायचो. चांगले दिवस होते. सकाळी निघताना पाय आपोआप उचलले जायचे. तरी डोक्यात वडील बोलायचेच. ही खुशी खरी आहे की दुखणं विसरायचं औषध? शेठला तर हेच हवं असणार, बायका हसत हसत भराभर हात चालवतात. मग यात कुणाचं भलं झालं? मला उत्तर येत नव्हतं. आणि उत्तर येत नसतानाही मी खुश होतो, याचाही मला संशय यायचा.

त्याच दिवसांत शेठची सून शेडवर येऊ लागली. इंदूरला शिकलेली, तिशीच्या आतली. बायका तिला भाभी म्हणत, मी मॅडम. ती मला काका म्हणायची. स्वभावाने खरंच चांगली. तिनेच बायकांसाठी बसायची बाकडी करवली, वेगळा संडास बांधून घेतला. एकदा केबिनमध्ये चहा पिताना ती म्हणाली, "काका, ये औरतें कितनी खुश रहती हैं! बाकीच्या शेडमध्ये असं नाही. काय करता तुम्ही?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा लागोपाठ तीन अंदाज बरोबर सांगितले होते आणि तेच डोक्यात होतं. मी तिला सगळं सांगितलं. पाहायचं कसं, शेंड्याची बारकी फणी धरायची नाही, चटणीचा नियम, सगळं. सांगताना मी हातवारे करत होतो. ती डोळे मोठे करून ऐकत होती.

पुढच्या सोमवारी शेडच्या भिंतीवर पांढरा बोर्ड लागला. वर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'अंदाज स्पर्धा'. खाली प्रत्येक टाकीचं नाव. प्रत्येक टाकीने रोज किती घड उरकले आणि किती अंदाज बरोबर आले, दोन्ही लिहायचं. आठवड्याला जिंकणाऱ्या टाकीला स्टीलचे डबे. हरणाऱ्यांना काही शिक्षा नाही, हे मॅडमने मुद्दाम दोनदा सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या, बायकांनीही वाजवल्या. लिहायचं काम माझ्याकडे आलं.

त्या बाईने टाळ्या वाजवताना माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि सुरी उचलली.

पहिल्या आठवड्यात शेडचं काम एकदम वाढलं. शेठ स्वतः येऊन बोर्ड बघून गेला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या टाकीवरच्या बायका म्हणू लागल्या की त्या बाईच्या टाकीला सोपे घड मिळतात. कुणी म्हणालं, अमकी आधी हात लावून मोजते. एका मुलीने घाईत अंगठ्यावर सुरी मारून घेतली. चीक आणि रक्त एकत्र झालं की ते तपकिरी दिसतं, हे मी तेव्हा पाहिलं. डबे त्या बाईच्याच टाकीला मिळाले. तिने ते घेतले आणि त्याच दिवशी ऑटोमध्ये ज्या मुलीला लागलं होतं तिच्या मांडीवर ठेवले, असं मला नंतर कळलं.

चटणी आणणं बंद झालं होतं. कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. एके दिवशी दुपारी मी खाली गेलो तेव्हा बायका टाकी-टाकीप्रमाणे वेगवेगळ्या बसल्या होत्या.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मीच सांगितलं मॅडमला," मी म्हणालो.

"माहीत हाये."

"वाईट हेतू नव्हता."

"तेही माहीत हाये." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "बाबूजी, घरी माझ्या सासूले मी काय खाल्लं ते माहीत असते. मुकादमले मी किती वेळा पाणी प्याले ते माहीत असते. येवढं एक कोणाले माहीत नव्हतं. बस."

तिने बस म्हटलं ते एवढंच होतं म्हणून, की आता बोलणं पुरे म्हणून, ते मला समजलं नाही. मी वर केबिनमध्ये गेलो.

मॅडमलाही दिसत होतं की काहीतरी बिनसलं. ती एकदा बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "मला वाटलं त्यांना आवडेल. त्यांचंच तर होतं." माझ्या मनात आलं, ही खोटं बोलतेय, हिला फक्त काम वाढवायचं होतं. पण तिचा चेहरा पडलेला होता आणि ती जे म्हणाली तेच मी स्वतःला रोज सांगत होतो. ती मालकाची सून होती आणि मी काचेमागचा माणूस. आम्हाला एखादी चांगली गोष्ट दिसली की ती भिंतीवर लिहावीशी वाटते. पगार आम्हाला त्याचाच मिळतो, की मुळातच आमच्यात काही खोट आहे? वडील असते तर त्यांनी पटकन उत्तर दिलं असतं. मला आता त्यांच्या पटकन दिलेल्या उत्तरांचाही भरवसा वाटत नाही. गिरणीच्या मागावर ते स्वतः कधी हसले नसतील, हे मला कुणी सांगितलं?

माल कमी झाला तशी स्पर्धा आपोआप मागे पडली. बोर्डावर मी गाड्यांचे नंबर लिहू लागलो.

यंदा परदेशात माल पाठवायचं ठरलं, तेव्हा खरेदीदाराकडून तपासणीला एक माणूस आणि एक बाई आली. संडास पाहिले, हातमोजे पाहिले, पाण्याची टाकी पाहिली. शेवटी त्यांना दोन कामगारांशी एकट्यात बोलायचं होतं. मुकादमाने आधी टाकीवरच्या त्या बाईलाच पुढे केलं, कारण ती जुनी. भाषा समजावी म्हणून मला शेजारी बसवलं. एकट्यात म्हणजे हे असं.

तपासणीच्या बाईने हिंदीत गोड आवाजात विचारलं, "आप यहाँ काम करके खुश हैं?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तपासणीवालीच्या हातातल्या टॅबकडे. चेहऱ्यावर काही नाही, जशी कोरडी पाटी.

"हाँ. पगार टाइम पे मिलता है."

"और?"

"और क्या? पानी ठंडा है."

तपासणीच्या बाईने टॅबवर टिचकी मारली आणि मग मला विचारलं, या बायका आपसात काही खेळ, गंमत वगैरे करतात का, वातावरण कसं आहे? मॅडमने तिला काहीतरी सांगितलं असावं. त्याच दिवशी सकाळी मी काचेतून पाहिलं होतं की टाकीवर चौघी पुन्हा खांदे हलवत हसत होत्या. घडाकडे बघून नाही, दुसऱ्याच कशावर तरी. मी खाली उतरलो तशा गप्प झाल्या होत्या.

"नहीं," मी म्हणालो, "ऐसा कुछ नहीं. बस काम करती हैं."

ती बाई माझ्याकडे न पाहता उठली, पदर खोचला आणि टाकीकडे गेली. तिला माझं उत्तर पटलं का, तिने मला माफ केलं का, की हाही माझा एक डाव आहे असं तिला वाटलं, ते मी विचारलं नाही. तपासणीच्या बाईने कागद पुढे केला. त्यावर मी सही केली.