आत्या किल्ल्यावर गेली

माझी आत्या शिवणकाम करते. तिचा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला, तेव्हापासून काखेत कुबडी. शाळेची सहल टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर गेली, तेव्हा बाईंनी तिला पायथ्याशी डब्यांची राखण करायला बसवलं होतं. पुढे दुकान काढायचं म्हणाली, तेव्हा घरच्यांचं एकच पालुपद, "तुला झेपणार नाही." आत्याने भर बाजारात दुकान काढलं आणि चालवून दाखवलं.

पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी ती मला म्हणाली, "चल गं, किल्ला बघून येऊ."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं ताई, वर गाडी जात नाही. मोबाइलवर फोटो दाखवतो ना!"

"मग तुझं लग्नही फोटोतच बघितलं असतं," म्हणत ती निघालीसुद्धा.

किल्ल्याच्या पायथ्याच्या दरवाजावरचा पहारेकरी कुबडीकडे बघत म्हणाला, "मावशी, पायऱ्या उंच आहेत. पडलात तर जबाबदारी कुणाची?"

"माझीच. आजवर दुसऱ्या कुणी घेतलीय?"

गुळगुळीत दगडावर कुबडी सटकायला लागली. तिने ती माझ्या हातात दिली, पायरीवर पाठमोरी बसली आणि तळव्यांवर जोर देत एकेक पायरी वर सरकू लागली. लोक बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "उचलून नेऊ का?"

"मी काय पोतं आहे?"

एका वळणावर मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरून म्हटलं, "परत जाऊ या का?"

"रडतेय. थांबलेय कुठे?"

वर पोहोचलो, तर किल्ल्यातल्या म्युझियमचा कारकून जेवायच्या सुट्टीसाठी दार लावत होता. आत्या उंबऱ्यातच बसली. "लावा कुलूप, पण आधी मला हलवा." त्याने इकडेतिकडे पाहिलं, मान हलवली आणि दार उघडं ठेवून तिथेच डबा खायला बसला.

आत तलवारी, ढाली, चिलखतं. आत्या थांबली ती चिलखताखाली घालायच्या जाडजूड अंगरख्यापाशी. बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "बाही वाकडी बसलीय. गिऱ्हाईक लढाईवरून परतलं नसेल, नाहीतर शिंप्याची काही धडगत नव्हती."

उतरताना पहारेकऱ्याने स्ट्रेचर मागवलं होतं. तिने ते रिकामंच परत पाठवलं आणि आली तशीच, बसत बसत खाली गेली.

पुढे कितीतरी दिवस तिला कात्री धरता आली नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची. आत्या सोललेले तळवे त्यांच्यापुढे धरायची आणि ऐटीत सांगायची, "किल्ला सर करायला गेले होते."