चिंबोऱ्यांच्या रश्श्यासोबत वाईन

सासूबाईंनी करावे गावातून फोन केला, "रविवारी जिताडा आनते." मी खारघरच्या वाईन शॉपवाल्याचं अर्धा तास डोकं खाऊन सोविन्यों ब्लां घेतली. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आंबटसर. तळलेल्या माशावर लिंबू पिळल्यासारखी लागते म्हणे.

रविवारी खाडीत जिताडा मिळालाच नाही. सासूबाई चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन आल्या आणि आमच्या किचनमध्ये त्यांचा लालभडक रस्सा केला. म्हटलं, चालतंय, हेही खाडीतलंच. पहिल्या घासावर वाईनचा घोट घेतला आणि तोंडात वणवा पेटला. कोरडी वाईन तिखटाला आणखी चढवते, हे कुणी सांगायचं? मी साताऱ्याचा, ठेच्यावर वाढलेला, आणि नाकाडोळ्यांतून पाणी!

बायको म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मसाला जरा कमी टाक."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"मसाला कमी व्हनार नाय गो. जावय बदलता येत नाय, निदान बाटली तरी बदल."

पुढच्या वेळी चिंबोऱ्या आल्या तेव्हा मी शेनिन ब्लां आणली, किंचित गोडसर. तिखटाशी तिचं छान जमलं. सासूबाईंनीही एक घोट चाखला, मान डोलावली, आणि उठून रश्श्यात आणखी एक चमचा मसाला टाकला.