चंद्रभानभाऊंचा पांढरा

आमच्या शेजारचे चंद्रभानभाऊ मूळचे नगरकडचे. तरुणपणी बोईसरला आले, कपबश्यांच्या एका छोट्या कारखान्यात रंगखोलीत लागले, ते आजतागायत तिथेच. कपावरची चकाकी, म्हणजे ग्लेझ, तेच कालवतात. त्यात लोखंडाची भुकटी पडली की भट्टीतून कप तपकिरी निघतो, तांब्याची पडली की हिरवा, कोबाल्टची पडली की निळा. पांढऱ्यालाही ते कणभर कोबाल्ट घालतात. आपण धुण्याला नीळ देतो तसं, पिवळेपणा मारायला.

अलीकडे पांढरे कप निळसर दिसतात म्हणून परत येत होते. कोबाल्टची भुकटी बदलली असेल, असं भाऊंचं म्हणणं. सुपरवायझर जितेशनं मात्र बजावलं होतं, "काका, या खेपेला पांढरा जमला नाही तर तुम्ही पॅकिंगला बसा."

रविवारी भाऊ आणि त्यांच्या पत्नी रंभाबाई आमच्याकडे आले. मी तांदूळ निवडत होते. भाऊंचा चेहरा ओढलेला. त्यांनी खिशातून भट्टीतला नवा नमुना काढला, टाइलीचा तुकडा.

"वहिनी, खरं सांगा. पांढरा हाय ना? ही म्हणते हाय."

मी तुकडा ताटातल्या तांदळावर ठेवला. सरळ निळा दिसला. भाऊ वाकून म्हणाले, "तुमचा तांदूळ लई जुना दिसतोय. पिवळा पडलाय."

तांदूळ नवा होता, दुधासारखा.

"भाऊ, तांदूळ पिवळा नाही," मी म्हटलं. "तुकडा निळा आहे. तुम्हालाच सगळं पिवळं दिसतंय. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूत असंच व्हायचं."

रंभाबाई उसळल्या, "डोळे दाखवा म्हणून वर्षभर घसा फोडतेय!"

"आन् पांढरा हाय म्हणालीस, ते?"

"मग काय म्हणू? काळजीनं जेवण जात नाय तुमाला."

भाऊंनी फोन लावला. "जितेश, भुकटी चांगली हाय. पिवळं दिसायचं म्हणून कोबाल्ट मीच वाढवत व्हतो. डोळ्यांनी घात केला." पलीकडून तो बराच वेळ बोलला. भाऊ नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले.

"काय म्हणतो?" रंभाबाईंनी विचारलं.

"डोळे करून या म्हणतो. तवर दुसरा माणूस कालवंल. मग बघू, म्हणाला."

"मी पण पिवळीच दिसते काय?"

"तू लग्नापासनंच. मला वाटलं, हळद उतरली नाय."

रंभाबाईंनी त्यांच्या पाठीत हलकेच चापटी मारली.

"चल, उद्या डोळे दाखवू," भाऊ म्हणाले. पण उठले नाहीत.